कडेना तळाभोवतीची हॉटेलं: जुनी कुठली उरली, नवी कुठली जमली

प्रश्न असा आहे: विचारणाऱ्या ताई पुण्याहून जपानच्या ओकिनावा बेटावर, ओन्नाच्या विज्ञान-तंत्रज्ञान विद्यापीठात पोस्ट-डॉकसाठी येत आहेत. पुढे त्यांचे आई-बाबा महिनाभर राहायला येतील. बाबा 1971 साली मालवाहू जहाजावर होते आणि नाहा बंदरात उतरून, दारावर मोठा ‘ए’ लावलेल्या एका हॉटेलात स्टेक खाल्ल्याची गोष्ट अजून सांगतात. बिल डॉलरमध्ये दिलं, सुटे पैसे सेंटमध्ये परत मिळाले, असंही त्यांना आठवतं. आई पूर्ण शाकाहारी. तेव्हा अमेरिकी तळांच्या आसपासची जुनी हॉटेलं कुठली शिल्लक आहेत, नवी कुठली चांगली आहेत आणि आईने काय खायचं?

मी बरीच वर्षं चातान आणि ओकिनावा सिटी इथल्या हॉटेलांच्या भटारखान्यांत स्वयंपाकी म्हणून काम करतोय. दोन्ही गावं अमेरिकेच्या कडेना हवाई तळाच्या कुंपणाला लागून आहेत. त्यामुळे उत्तर थोडं लांबेल.

आधी बाबांच्या गोष्टीबद्दल. ती शंभर टक्के खरी असणार. 1945च्या लढाईनंतर ओकिनावा अमेरिकेच्या ताब्यात गेलं आणि जपानकडे परत आलं ते थेट 15 मे 1972 रोजी. 1958पासून परतीच्या दिवसापर्यंत इथलं चलन अमेरिकी डॉलर होतं. टोकियोच्या माणसालाही इथे यायचं तर प्रवासाचे वेगळे कागद लागायचे. आणि दारावरचा तो ‘ए’ म्हणजे सजावट नव्हती. अमेरिकी सैन्याने तपासून मंजूर केलेल्या खाण्यापिण्याच्या जागेला हे प्रमाणपत्र मिळे. पन्नासच्या दशकात ही पद्धत सुरू झाली. तपासनीस यायचे. किचनची जमीन, पाणी, भांडी धुण्याची जागा, संडास, सगळं बघायचे. पास झालात तर ‘ए’ची पाटी लावा आणि सैनिकांना वाढा. पाटी नसेल तर सैनिकाने आत पाऊल टाकायचं नाही. पाटी काढून घेतली की धंदा बसला, कारण त्या काळात गिऱ्हाईक म्हणजे सैनिकच.

या पाटीचा परिणाम आजही किचनमध्ये दिसतो. माझे जुने मुख्य आचारी त्याच काळात तयार झालेले. ओटा पुसण्याबद्दल, कच्चं मांस कापायची फळी वेगळी ठेवण्याबद्दल त्यांचा जो कडकपणा होता, तो त्यांना कुठल्या कॅटरिंग कॉलेजात शिकवलेला नव्हता. तपासनीसाच्या धाकातून आला होता. पण याच पाटीमुळे छोट्या माणसांची गोचीही झाली. सैन्याला हवं तसं बांधकाम करायचं तर कर्ज काढावं लागे, आणि एखाद्या भांडणानंतर तो भाग सैनिकांना बंद केला की कर्ज डोक्यावर आणि टेबलं रिकामी. ही नाडी दाबून वस्तीला गप्प बसवता येत असे आणि तसं बसवलंही जाई. हॉटेलांच्या गोड आठवणी सांगताना हे वगळलं जातं म्हणून मुद्दाम लिहितोय.

बाबांनी खाल्लं ते हॉटेल नेमकं कुठलं हे इथे बसून सांगता येणार नाही, तेव्हा अशी खूप होती. पण बंदरात उतरलेल्या खलाशाला जवळ पडेल असं आणि आजही चालू असलेलं एक नाव आहे: नाहाच्या निशी भागातलं जॅक्स स्टेक हाऊस. 1953पासूनचं. आत ती ‘ए’ची पाटी अजून जपून ठेवली आहे. बाबांना घेऊन जायचंच तर इथे जा. बाहेर सिग्नलचे दिवे आहेत, गर्दी किती ते सांगणारे. लाल असेल तर आत सगळं भरलेलं. रांगेत उभं राहायची तयारी ठेवा किंवा दुपार आणि संध्याकाळच्या मधल्या वेळेत जा.

तिथे टेंडरलॉइन स्टेक मागवा. बरोबर सूप, सॅलड आणि भात किंवा पाव येतो. सूप पांढरट, पातळसर. मैदा लोण्यात परतून दुधावर वाढवलेलं. नवे पर्यटक हे सूप चाखून नाक मुरडतात आणि परीक्षणात एक तारा कमी करतात. मला ते आवडतं. लष्करी मेसच्या जेवणाची ती चव आहे आणि इथल्या जुन्या स्टेक हॉटेलांमध्ये थोड्याफार फरकाने तीच मिळते. स्टेक मात्र साधा: मीठ, मिरी, तापलेलं लोखंडी ताट आणि वर ओतायला बाटलीतला आंबटसर तपकिरी सॉस. मुंबईच्या पंचतारांकित हॉटेलातला जाडजूड, मधोमध लाल, लोण्यात न्हालेला स्टेक डोक्यात ठेवून गेलात तर निराश व्हाल.

ओकिनावाच्या लोकांना मध्यरात्री स्टेक खायची सवय आहे. दारू पिऊन झाल्यावर बाकी जपानात रामेन (रश्श्यातल्या शेवया) खातात, इथे स्टेक. अमेरिकी राजवटीत इथे गोमांस जपानच्या मुख्य भूमीपेक्षा पुष्कळ स्वस्त होतं, तिथून ही चटक लागली. सैनिकांचा पदार्थ इथल्या माणसाने आपल्या रात्रीच्या सवयीत बसवून घेतला, आणि माझ्या मते सगळ्या प्रश्नाचं उत्तर इथेच आहे. तळाच्या फाटकासमोर हजारो हॉटेलं निघाली असतील. फक्त सैनिकांवर जगलेली जवळपास सगळी गेली. ज्यांना गावातल्या माणसांनी उचलून धरलं ती राहिली. तुम्हालाही निवड करायची तर मेनू बघू नका, टेबलांवर कोण बसलंय ते बघा. शाळेच्या गणवेशातली पोरं, कामावरून आलेले रंगारी, आजीला घेऊन आलेलं कुटुंब दिसलं की बिनधास्त बसा.

आता कोझा. कागदोपत्री हे गाव ओकिनावा सिटी. 1974मध्ये शेजारच्या मिसातोशी एकत्र करून नवं नाव दिलं, पण बोलताना सगळे कोझाच म्हणतात. कडेनाच्या दोन नंबरच्या फाटकातून सरळ निघणारा रस्ता म्हणजे गेट टू स्ट्रीट. व्हिएतनाम युद्धाच्या काळात इथे रात्र होतच नसे असं जुने लोक सांगतात. उद्या कुठे पाठवतील याचा भरवसा नसलेली विशीतली पोरं खिशातले डॉलर आजच उडवायची. गोरे सैनिक या बाजूच्या बारमध्ये, काळे सैनिक तेरुया भागात, अशी उघड वाटणी होती. चुकीच्या रस्त्यावर गेलं की मारामारी. आणि 20 डिसेंबर 1970च्या पहाटे, अमेरिकी गाडीने एका स्थानिकाला उडवल्याच्या निमित्ताने इथल्या लोकांचा वर्षानुवर्षांचा राग फुटला. सत्तरहून जास्त अमेरिकी गाड्या रस्त्यावर ओढून जाळल्या गेल्या. त्याच रस्त्यावर तुम्ही आता निवांत टाको (पोळीत सारण भरलेला मेक्सिकन पदार्थ) खायला जाल.

टाकोसाठी चार्लीज टाकोज. 1956पासून. गेट टू स्ट्रीटपासून चालत जाता येईल अशा सेंटर पार्क अव्हेन्यूवर. या बाजारपेठेला पूर्वी बीसी स्ट्रीट म्हणत. इथला टाको मेक्सिकोतला नव्हे आणि अमेरिकेतला कडक कुरकुरीत कवचाचा टाकोही नव्हे. पोळी तळलेली, पण कडा कुरकुरीत आणि मधे मऊ, दातांना थोडी ओढ देणारी. आत गोमांस, चिकन किंवा ट्यूना. तिन्ही एकेक मागवा. मला ट्यूनाचा सर्वांत आवडतो आणि त्यावरून सहकारी माझी थट्टा करतात. गोमांस न खाणाऱ्यांची सोय होते हे आपल्या लोकांच्या दृष्टीने महत्त्वाचं. सॉस आधी थेंबभर चाखा. आपल्याला तो तिखट लागणार नाही, पण आंबट लागेल आणि सवयीने भरपूर ओतलात तर पोळी लगदा होते.

फुतेन्मा तळाच्या बाजूला, गिनोवानच्या इसा भागात ‘मेक्सिको’ नावाचं टाकोचंच दुकान आहे, 1977पासूनचं. तिथे टाको सोडून खायला दुसरं काही मिळत नाही. आत गेलात की किती माणसं एवढंच सांगायचं. असा एकच पदार्थ करून इतकी वर्षं टिकलेल्या जागेबद्दल स्वयंपाकी म्हणून मला आदर आहे, आणि थोडा हेवाही.

टाको राइसचं गाव वेगळं. ते किन. तुमच्या ओन्नाच्या डोंगरापलीकडे, पूर्व किनाऱ्यावर, कॅम्प हॅन्सन या अमेरिकी मरीन सैनिकांच्या तळाच्या फाटकासमोर. तिथे पार्लर सेनरी नावाची छोटी खानावळ होती. 1984 साली तिच्या मालकांनी टाकोचा खिमा पोळीत न भरता गरम भातावर घातला. टाकोने मरीनचं पोट भरत नव्हतं, भाताने भरतं, हा साधा हिशेब. पुढच्या दोन-तीन वर्षांत डॉलर कोसळला. 1984मध्ये डॉलरला सुमारे 240 येन मिळत होते, 1987 संपेपर्यंत भाव 130च्या खाली गेला. सैनिकाचा पगार डॉलरमध्ये, बिल येनमध्ये. महागड्या बारमध्ये जाणारा पोरगा आता फाटकासमोर उभा राहून भाताचं पार्सल घेऊ लागला. पदार्थ चालला तो त्याच्या चवीइतकाच या विनिमय दरामुळे.

पार्लर सेनरी 2015मध्ये बंद झालं. त्याच मालकांनी काढलेलं किंग टाकोज मात्र तिथेच जोरात आहे आणि बेटावर इतरत्रही त्याच्या शाखा आहेत. एकदा तरी किनच्या मूळ दुकानातच खा. ‘टाको राइस, चीज, भाजी’ असं मागायचं. डबा इतका भरतात की झाकण बसत नाही. एका माणसाला तो संपत नाही, लाज वाटू देऊ नका, सगळेच उरलेलं घरी नेतात.

हा पदार्थ घरी करणार असाल तर किचनमधली गोष्ट सांगतो. थर महत्त्वाचे: तळाला जपानी चिकट भात, वाफाळता. त्यावर गरम खिमा. त्यावर लगेच चीज, म्हणजे ते खालून मऊ होतं. मग बारीक चिरलेलं, बर्फाच्या पाण्यातून काढून पूर्ण निथळलेलं लेट्यूस आणि शेवटी टोमॅटो. लेट्यूस ओलं राहिलं की भाताचं पाणी पाणी होतं. टाको राइस बिघडण्याचं नव्वद टक्के वेळा हेच कारण असतं. चीज भारी घेऊ नका. साधं पिवळं प्रक्रिया केलेलं चेडरच लागतं. खिम्याला जिरं, तिखट, ओरेगानो, लसूण. जिरं आपल्या हातून जास्त पडतं, आवरा. आईसाठी खिम्याऐवजी राजमा भरडसर ठेचून किंवा सोया खिमा वापरा, झकास होतो. इथल्या शाळांच्या दुपारच्या जेवणातही टाको राइस असतो, म्हणजे फाटकासमोरचं पार्सल एका पिढीत मुलांच्या ताटात आलं.

एअँडडब्ल्यू या अमेरिकी बर्गर साखळीबद्दल लिहिलं नाही तर इथले लोक मला माफ करणार नाहीत. इथे त्याला ‘एन्दा’ म्हणतात. पहिली शाखा 1963मध्ये किताना­कागुसुकूच्या यागीबारूत निघाली. टोकियोच्या गिंझात मॅकडोनाल्ड्स आलं 1971मध्ये, म्हणजे बर्गर-फ्राइजच्या बाबतीत ओकिनावा टोकियोच्या आठ वर्षं पुढे होतं. तुम्ही उरासोएच्या माकिमिनातो शाखेत जा, 1969ची. गाडी छताखाली लावायची, खांबावरच्या यंत्रावर मागणी सांगायची, मुलगी ट्रे घेऊन गाडीपाशी येते. रूट बियर (बिनदारूचं गोड पेय) घ्या. ती आपल्या आयोडेक्सच्या वासासारखी लागते, पहिल्या घोटाला चेहरा वाकडा होतो. दुसऱ्या-तिसऱ्या भेटीत सवय लागते आणि मग ती मिळत नसलेल्या ठिकाणी आठवण येते. बसून प्यायलात तर परत भरून देतात. स्प्रिंगसारख्या गोल फ्राइजही मागवा.

इथे एक गाडीवाल्यांची गंमत. ओकिनावात 30 जुलै 1978पर्यंत गाड्या उजव्या बाजूने चालत. एका रात्रीत सगळं बेट डाव्या बाजूला आलं. रस्त्याकाठच्या हॉटेलांना त्याचा फटका बसला असणारच, कारण ज्याच्या दारातून सहज वळता येई, त्याच्यासाठी आता समोरची रांग ओलांडावी लागणार. तुम्हाला डावीकडून चालवायची सवय आहे, तुमचं बरं आहे. Y अक्षराची नंबरपाटी दिसली की ती तळावरच्या लोकांची गाडी. नव्याने आलेला चालक असेल, थोडं अंतर ठेवा.

तुमच्या ओन्नातच नाकादोमारीला सीसाइड ड्राइव्ह-इन आहे. 1967चं, बेटावरचं पहिलं ड्राइव्ह-इन. सुरू करणाऱ्याने आधी तळावर आचारी म्हणून काम केलेलं. समुद्राला अगदी लागून. काचेच्या भांड्यात ठेवल्यासारखं जुनं वातावरण वगैरे मी म्हणणार नाही, खुर्च्या झिजल्या आहेत. पण सूप घ्या, सँडविच घ्या, पार्सलच्या खिडकीवरून घेऊन बांधावर बसा. विद्यापीठातून संध्याकाळी परतताना हेच तुमचं नेहमीचं ठिकाण होईल अशी पैज लावतो.

बेकरी हवी तर जिमीज, गिनोवानच्या ओयामात, 58 नंबरच्या हमरस्त्यावर. 1956मध्ये किराणा म्हणून सुरू झालं. अ‍ॅपल पाय आणि साधे केक यासाठी नाव आहे. इथल्या घरांत कुणाकडे जाताना जिमीजचा खोका न्यायची पद्धत आहे, तीही तळावरून आलेली वाटत नाही इतकी आता रुळली आहे. आणि आइस्क्रीम ब्लू सीलचं. 1948मध्ये तळाच्या आत, सैनिकांना दूधदुभतं पुरवायला ही कंपनी सुरू झाली. 1963मध्ये उरासोएला आली आणि सामान्य लोकांना विकू लागली. ‘जन्म अमेरिकेत, वाढ ओकिनावात’ अशी तिची जाहिरात आहे. व्हॅनिला खाऊ नका, त्यासाठी इतक्या लांब यायची गरज नाही. जांभळ्या रताळ्याचं, उसाचं, खारट चिन्सुको बिस्किटाचं खा.

डब्यातल्या मांसाचंही सांगितलं पाहिजे. युद्धानंतर डुकरं संपली होती, घरं जळली होती आणि शिध्यात मिळे ते डब्यातलं पोर्क. आज इथे कुठल्याही खानावळीत ‘पोर्क-तामागो’ मिळतं: तळलेल्या मांसाचे काप आणि अंडं. तेच भातात आणि समुद्रशेवाळात गुंडाळून पोर्क-तामागो ओनिगिरी होते, नाहाच्या माकिशी बाजाराजवळ त्यासाठी सकाळी रांग असते. कारल्याच्या चांपुरूतही (परतलेल्या मिश्र भाजीतही) तेच मांस. आपल्याकडच्या कारलेप्रेमींनी गोया चांपुरू खावंच, पण ते मांसाशिवाय करून मागितलं तरी वर माशाचा कीस भुरभुरवतात, हे लक्षात असू द्या.

नव्या जागांबद्दल मी जपून बोलतो, कारण त्या फार लवकर उघडतात आणि मिटतात. अमेरिकन व्हिलेज तुम्ही बघालच. 1981मध्ये परत मिळालेल्या हॅम्बी धावपट्टीच्या शेजारी, भराव टाकून केलेल्या जमिनीवर ते उभं आहे. रंगीत इमारती, समुद्रावरचा सूर्यास्त, फोटो छान येतात. खाणं बरंच मध्यम आणि किंमत जागेची. आई-बाबांना फिरायला न्या, जेवायला थोडं उत्तरेला सुनाबेला जा. तिथे समुद्रभिंतीच्या मागे हामाया सोबा आहे. मऊ शिजलेल्या बरगड्यांची ओकिनावा सोबा, बाजूच्या टेबलावर ओले केस घेऊन आलेले पाणबुडे आणि तळावरची कुटुंबं. सैनिकांची सर्वांत आवडती जागा कुठली असं कुणी विचारलं तर मी बर्गरचं नाव घेणार नाही, हीच घेईन. सोबा म्हणजे एरवी बकव्हीटच्या (कुट्टूच्या) शेवया, पण इथल्या निव्वळ गव्हाच्या. त्यामुळे ‘सोबा’ म्हणून विकायला जपानी व्यापार नियमांची अडचण आली होती. भांडून 17 ऑक्टोबर 1978 रोजी नाव मान्य करून घेतलं आणि तो दिवस इथे आता ओकिनावा सोबा दिन असतो. बर्गरच हवा असेल तर सुनाबेतलंच गॉर्डीज, पाव स्वतः भाजतात.

कोझात नव्यांपैकी टेसियो मला मनापासून आवडतं. 2017मध्ये उघडलेलं सॉसेज-हॅमचं दुकान, ओकिनावाचं डुक्कर वापरून जर्मन पद्धतीने सगळं हाताने करतात. सैनिकांसाठी काढलेलं नाही, सैनिक येतात तेही गिऱ्हाईक म्हणूनच. कोझात आता असे तरुण परत धंदा करू लागले आहेत, अर्ध्या शटर पडलेल्या गल्ल्यांमध्ये.

गेट टू स्ट्रीटवर भारतीय शिंप्यांची दुकानं दिसतील. बहुतेक सिंधी. सैनिकांना सूट शिवून द्यायला, जाकिटांवर भरतकाम करून द्यायला ती मंडळी दशकांपूर्वी आली. आता थोडीच दुकानं राहिली आहेत. आत जाऊन हिंदीत बोला, गप्पा मारायला आवडतात त्यांना. चांगलं भारतीय जेवण सध्या कुठे मिळतं हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक नसतं.

ते आईसाठी लागेलच. चातान आणि ओकिनावा सिटीत भारतीय आणि नेपाळी लोकांची करी-नानची हॉटेलं आहेत, तळावरच्या गिऱ्हाइकांमुळे मेनूत शाकाहारी पदार्थ इंग्रजीत वेगळे लिहिलेले असतात. हा तळाजवळ राहण्याचा मोठा फायदा, बेटाच्या इतर भागांत असं मिळत नाही. स्थानिक खाण्यात अडचण मांसाची नसून दाशीची आहे: सुकवलेल्या बोनिटो माशाचं पाणी. ‘मांस नको, मासा नको’ सांगितलं तरी दाशी त्यात मोजली जात नाही, म्हणून तिचं नाव घेऊन विचारायचं. सोबाचा रस्सा पोर्क आणि बोनिटोचा, त्याला इलाज नाही. जिमामी तोफू आईला आवडेल: शेंगदाण्याच्या दुधाची, रताळ्याचा स्टार्च घालून आटवलेली मऊ वडी. वरचा सॉस न घालता मागा, त्यात दाशी असू शकते. बेटाचा घट्ट तोफू बाजारात गरम मिळतो, घरी आणून मिरची-आल्यावर परता. फ्राइज खाताना तळणीचं तेल वेगळं आहे का ते विचारा, बहुतेक ठिकाणी नसतं. अ‍ॅपल पायमध्ये चरबी कुठली, तेही.

काही व्यवहाराच्या गोष्टी. अमेरिकी सैन्याचा पगार महिन्याच्या 1 आणि 15 तारखेला होतो. त्या संध्याकाळी आणि लगतच्या शुक्रवार-शनिवारी तळाजवळ टेबल मिळणं कठीण, आम्ही किचनमध्ये माल दीडपट मागवतो. पगाराच्या आदल्या आठवड्यात या, आचारीही निवांत असतो आणि पदार्थ नीट होतो. 2024च्या ऑक्टोबरपासून सैनिकांना रात्री एक ते पाच बाहेरच्या बारमध्ये थांबायला मनाई आहे, त्यामुळे गेट टू स्ट्रीट पूर्वीपेक्षा लवकर शांत होतो. फाटकाजवळच्या बऱ्याच जागा अजून डॉलर घेतात, पण दर त्यांचा. येनच द्या. बाबांना मात्र एकदा डॉलरमध्ये बिल भरू द्या. सुटे येनमध्येच मिळतील.

नाहातली मोनोरेल उरासोएपर्यंतच जाते, पुढे गाडीशिवाय हाल होतात. आणि गाडी घेऊन गेलात तर ओरियन बियरचा एक घोटही नको, इथला कायदा फार कडक आहे. प्यायलात तर हॉटेलवाल्याला ‘दाइको’ बोलवायला सांगा. दोन माणसं येतात, एक तुमची गाडी चालवतो, दुसरा मागून त्यांची आणतो. कोझाहून ओन्नापर्यंतचे पैसे निघण्यापूर्वी ठरवून घ्या, आणि शनिवारी रात्री अकरानंतर तासभर वाट बघावी लागते, तेव्हा शेवटचा पदार्थ मागवतानाच फोन करायला सांगा.